दोन फुटबॉल क्लब एकत्र करायचे, तर नाव कुणाचं आणि जर्सी कुणाची?

अनगोळचा लेफ्ट बॅक

मंडळी, सल्ला पाहिजे. आमच्या भागात दोन जुने फुटबॉल क्लब आहेत. नावं मुद्दाम लिहीत नाही. बेळगाव लहान आहे, उद्या सकाळी चहाच्या गाडीवर मलाच जाब विचारतील.

एकाकडे पोरं आहेत, मैदान नाही. दुसऱ्याकडे शाळेचं मैदान संध्याकाळी मिळतं, संघटनेत नोंदणी आहे, कपाट भरून कप आहेत, आणि लीगच्या मॅचला अकरा जण उभे करायला कीपरच्या मेव्हण्याला बोलवावं लागतंय. डिप्लोमा झाला की पोरं पुण्याला, नाहीतर गोव्याला. जी राहतात ती तासाचे पैसे भरून टर्फवर खेळतात आणि मोठ्या मैदानावर आली की अर्ध्या वेळेआधीच कमरेवर हात ठेवून उभी.

दोन्हीकडच्या जुन्या मंडळींची बैठक झाली. एकत्र यायला सगळे तयार. मग कुणीतरी विचारलं, नाव काय ठेवायचं? बैठक तिथंच संपली.

जगातले मोठे क्लब असेच एकत्र होऊन झालेत असं ऐकलंय. इटलीतला रोमा तसाच ना? त्यांनी हे कसं निस्तरलं? नाव, रंग, स्थापनेचं साल, जुने कप, सगळंच. जाणकारांनी लिहावं.

कॅम्पातला कीपर

मेव्हण्याबद्दल वाईट बोलायचं नाही. मेव्हणा चांगला खेळतो.

रात्रपाळी

उद्यमबागेत फाउंड्रीत रात्रपाळी असते, त्यामुळे इटलीची लीग आपल्या पाठ आहे. लिहितो.

रोमा तसाच. १९२७ साली तीन क्लब एकत्र केले: आल्बा-आउदाचे, फोर्तितुदो-प्रो रोमा आणि रोमन. पहिल्या दोघांची जोडनावं बघा, म्हणजे ते आधीच एकेकाला पोटात घेऊन बसलेले. इटलीत तेव्हा फुटबॉल म्हणजे उत्तरेचा कारभार. तुरीन, मिलान, जेनोआ, बोलोन्या. राजधानीतले क्लब आपसात झुंजायचे आणि उत्तरेच्या संघांकडून मार खायचे. मुसोलिनीच्या राज्यात राजधानीला हे शोभत नव्हतं. पक्षाचा रोममधला पुढारी इतालो फोस्की यानं तिघांना एका टेबलावर बसवलं आणि स्वतः पहिला अध्यक्ष झाला.

नावाचं त्यांनी सोपं केलं, शहराचंच नाव लावलं. रंग पिवळा आणि गडद लाल, हे रोमन क्लबकडून आले आणि शहराचेही तेच. चिन्ह लांडगीचं, जी रोमच्या दंतकथेतल्या दोन भावांना दूध पाजते ती. म्हणजे तिघांपैकी कुणाचं काही हरलं असं वाटूच नये अशी व्यवस्था. १९२९ मध्ये टेस्टाच्चो या कामगार वस्तीत स्वतःचं मैदान झालं, आणि माझ्या मते खरा रोमा तिथं जन्मला. लाकडी स्टँड आणि अंगावर येणारं पब्लिक. लीग पहिल्यांदा १९४२ मध्ये मारली.

आता महत्त्वाचं. चौथ्यालाही ओढायचं ठरलं होतं. लात्सियो, १९०० सालचा जुना क्लब. तिथं जनरल जॉर्जो वाक्कारो आडवा उभा राहिला आणि लात्सियो बाहेर राहिला. आज रोममध्ये रोमा-लात्सियो डर्बीच्या दिवशी जे चालतं त्याची सुरुवात त्या नकारात आहे. तेव्हा लेफ्ट बॅक, तुमच्या दोन क्लबांच्या शेजारी तिसरा कुणी तोंड फिरवून बसलाय का ते आधी बघा. पुढची वीस वर्षं तो तुम्हाला हरवायलाच खेळेल.

अनगोळचा लेफ्ट बॅक

तिसरा आहे. आणि तो आधीपासूनच आम्हाला हरवायलाच खेळतो.

शहराचं नाव लावायचं तर बाकीचे सगळे क्लब मोर्चा घेऊन येतील. 'बेळगाव' काय एकट्या आमचं आहे?

निपाणीकर

बेळगावात एकीकरणाचा विषय निघालाय आणि अजून कुणी निवेदन दिलं नाही?

पेठेतला

कोल्हापुरातून लिहितोय. भावा, हा विचारच चुकीचा. आमच्याकडे पाटाकडील आणि खंडोबा हे दोन क्लब एकत्र करा असं कुणी शाहू स्टेडियमवर उभं राहून म्हणून दाखवावं. जिवंत घरी जाणार नाही. आमचे क्लब तालमीतून आले. पोरगं जन्मतं तेच पेठेचा झेंडा घेऊन. पोरं जास्त झाली तर आम्ही 'अ' संघ आणि 'ब' संघ करतो, जोडाजोडी नाही. आणि त्या ईर्ष्येवरच तर खेळ टिकला. अनिकेत जाधव २०१७ ला सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपला भारताकडून खेळला तो ह्याच मातीतला. ईर्षा गेली की पब्लिक जातं, पब्लिक गेलं की पोरं जातात.

रात्रपाळी

पेठेतले, तुमच्याकडे स्टेडियम भरतं म्हणून हे बोलायला जमतं. आमच्याकडे लेले ग्राउंडवर दोन्ही संघांपेक्षा म्हशी जास्त असतात कधीकधी.

पेठेतला

म्हशींना तिकीट लावा.

ऑफसाइड

मी विरोधात आहे हे आधीच सांगतो. एकत्रीकरणाची गोष्ट नेहमी जिंकणाऱ्यांकडून ऐकायला मिळते. बुडालेले कोण सांगणार?

रशडन अँड डायमंड्स ऐका. इंग्लंडच्या मधल्या भागातल्या दोन छोट्या गावांचे क्लब, रशडन टाउन आणि अर्थलिंगबरो डायमंड्स. १९९२ ला एकत्र केले. मागे होता मॅक्स ग्रिग्ज, डॉक मार्टेन्स बुटांचा कारखानदार. पैसा ओतला, मोठं स्टेडियम बांधलं, खालच्या लीगमधून चढत २००१ ला थेट व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये. मग मालकानं हात काढला, घसरण सुरू झाली आणि २०११ मध्ये क्लबच बंद. एकोणीस वर्षांत जन्म, लग्न, तेरावं. दोन गावांचे दोन साधे क्लब होते ते गेले, आणि जोडून केलेला तोही गेला. शेवटी चाहत्यांनी शून्यापासून नवीन क्लब काढला.

जुना रेफरी

ऑफसाइड यांच्या उदाहरणात दोष एकत्र येण्याचा नसून एका माणसाच्या पाकिटावर उभं राहण्याचा आहे, असं मला वाटतं. असे क्लब न जोडताही बुडतात. आपल्याकडेही एखादा हौशी दाता असेपर्यंत ट्रॅकसूट, अंडी, केळी सगळं असतं. तो निवडणुकीला उभा राहिला किंवा पडला की दोन्ही वेळा संघ संपतो.

कॅम्पातला कीपर

साहेबांनी यलो कार्ड दाखवलं. 🟨

खानापूर ते ब्रसेल्स

नोकरीमुळे बेल्जियममध्ये आहे. तुमच्या प्रश्नाला रोमापेक्षा गेंक जवळचा वाटतो, कारण तिथं हुकूमशहा नव्हता, फक्त अडचण होती.

गेंक हे कोळशाच्या खाणींचं गाव. प्रत्येक खाणीची वेगळी वस्ती, वेगळं चर्च आणि वेगळा क्लब. त्यातले दोन मोठे, वाटरस्खाय आणि विंटरस्लाख. दोघेही साधे नव्हते. विंटरस्लाखनं १९८१ मध्ये युरोपातल्या यूएफा कपात लंडनच्या आर्सेनलला घरी पाठवलं. वाटरस्खायनं १९८३ मध्ये कप विनर्स कपात पॅरिसला हरवून सेमीफायनल गाठली. एका गावातले दोन शेजारी, दोघांच्या अंगात मस्ती. एकत्र या म्हटलं असतं तर पेठेतल्यांचंच उत्तर मिळालं असतं.

मग खाणी बंद झाल्या. वाटरस्खायची १९८७ ला, विंटरस्लाखची १९८८ ला. पगार गेले तशी क्लबची वर्गणीही गेली. १९८८ मध्येच दोघं एक झाले. नाव गावाचं, गेंक. तिकडे प्रत्येक क्लबला महासंघाचा नोंदणी क्रमांक असतो आणि जितका आकडा लहान तितका क्लब जुना, त्यामुळे लोक तो जिवापाड जपतात. नव्या क्लबनं क्रमांक विंटरस्लाखचा ठेवला आणि मैदानाची जागा वाटरस्खायची. एकाला कागद, दुसऱ्याला जमीन. ही वाटणी मला फार आवडते.

आणि पहिल्याच मोसमात शेवटचा नंबर, खाली घसरले. तेव्हा किती जण म्हणाले असतील, 'बघा, सांगितलं नव्हतं?' १९९९ ला लीग मारली. नंतर २००२, २०११, २०१९. २०११ च्या संघात गोलमध्ये कुर्त्वा आणि मधे डी ब्रुइना. दोघंही तिथल्याच ज्युनियरमधून आलेले.

अनगोळचा लेफ्ट बॅक

एकाला कागद, दुसऱ्याला जमीन. हे बैठकीत मांडतो. फक्त आमच्यात कागद आणि जमीन दोन्ही एकाकडेच आहेत, दुसऱ्याकडे नुसती पोरं.

जर्सी नंबर १४

मग पोरांच्या बदल्यात जर्सी मागा. खेळणारे ज्यांचे, रंग त्यांचा.

वडगाव माग

खाणीचं वाचून आठवलं. माझं घर मागावर वाढलंय, वडगाव-शहापुरात साडीचा माग घरोघरी होता, आता आवाज कमी होऊलाय. नेदरलँड्समध्ये एन्सखेडे म्हणून कापड गिरण्यांचं शहर आहे. तिथं स्पोर्टक्लब एन्सखेडे आणि एन्सखेडेसे बॉइज असे दोन क्लब. १९६५ ला एकत्र आले, ट्वेंटे झाला. ट्वेंटे हे शहराचं नाव नाही, त्या सगळ्या भागाचं आहे. म्हणजे शहराचं नाव घेऊन इतरांना दुखवायच्या ऐवजी पट्ट्याचं नाव घेतलं. गिरण्या पुढं बंद पडल्या, क्लब राहिला. १९७५ ला यूएफा कपची फायनल खेळले, हरले. २०१० ला डच लीग मारली. लेफ्ट बॅक, तुम्ही पण गल्लीचं नको, गावाचं नको, मधलं काहीतरी बघा की.

निपाणीकर

मधलं म्हणजे काय, 'तिसरं रेल्वे गेट एफसी'?

जर्सी नंबर १४

गेट पडलेलं असेल तेव्हा अर्धा संघ पलीकडंच अडकणार.

चोर्ला घाट

भारतातलं उदाहरण कुणीच का देईना? मोहन बागान!

१८८९ चा क्लब. १९११ ला बहुतेक अनवाणी पोरांनी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ हरवून आयएफए शील्ड घेतली, ते शाळेत ऐकलेलं असतं. २०२० मध्ये एटीके या आयएसएलच्या (इंडियन सुपर लीग) क्लबशी जोडला आणि नाव झालं एटीके मोहन बागान. हिरवा-मरून रंग राहिला, होडीचं चिन्ह राहिलं, तरी नावातली ती पुढची तीन अक्षरं कोलकात्याच्या लोकांना पचली नाहीत. सोशल मीडियावर, स्टँडमध्ये, सगळीकडे एकच मागणी, एटीके काढा. काही जण मॅचलाच जाईनात.

१८ मार्च २०२३ ला गोव्यात फातोर्ड्याला आयएसएलची फायनल होती, बेंगळुरू एफसीशी. आम्ही मित्र चोर्ला घाटानं गेलो होतो. २-२ झालं, मग पेनल्टीवर ४-३. कप हातात आल्यावर मालकानं तिथंच जाहीर केलं की पुढच्या मोसमापासून नाव मोहन बागान सुपर जायंट्स. आमच्या शेजारी बसलेला एक बंगाली काका कपापेक्षा त्या घोषणेला जास्त रडला. आम्ही बेंगळुरूसाठी ओरडत होतो, तरी त्याला पाणी दिलं. घाटात परत येताना धुकं, आणि गाडीत हाच वाद, की जिंकलं कोण, क्लब का नाव?

ऑफसाइड

बघा, माझाच मुद्दा. तीन वर्षं भांडून शेवटी जुनं नाव परत आणावं लागलं.

चोर्ला घाट

पण एकत्र होऊनच तर आयएसएलमध्ये आले, आणि त्यानंतर २०२४-२५ ला लीगची शील्ड आणि कप दोन्ही नेले. नाव चुकलं म्हणजे काम चुकलं असं नाही.

खानापूर ते ब्रसेल्स

ते 'एकत्रीकरण' म्हणजे खरं तर कंपनीनं मोठा हिस्सा विकत घेतला होता. दोन गल्ल्यांनी एकत्र येणं निराळं आणि एकानं दुसऱ्याला विकत घेणं निराळं.

पोरीची आई

मध्येच विचारते. हे जे दोन क्लब आहेत, त्यात मुलींचा संघ कुणाकडे आहे का? माझी मुलगी आठवीत आहे, मुलांबरोबर खेळते. आता शाळेत सर म्हणाले मुलांच्या संघात घेता येणार नाही. मैदानावर तिला 'कोडो कोडो' (म्हणजे कन्नडमध्ये 'दे दे') ओरडताना ऐकलं की वाटतं ही घरी मराठी बोलते हेच बरं, मैदानावर सगळं कन्नड, उर्दू आणि शिव्या.

कॅम्पातला कीपर

आमच्या कॅम्पात तर कोकणी शिव्या पण. फुल कोर्स.

रात्रपाळी

पोरीच्या आई, रोमाचा बायकांचा संघ २०१८ साली सुरू झाला, तोही रेस रोमा नावाच्या संघाची लीगमधली जागा घेऊन. पाच वर्षांत, २०२३ ला, लीग जिंकले आणि पुढच्या वर्षी परत. म्हणजे त्या घरात जोडाजोडीची परंपराच आहे. इथल्या दोघांकडे मुलींचं काय ते लेफ्ट बॅकच सांगतील.

अनगोळचा लेफ्ट बॅक

कुणाकडेच नाही. खरं सांगायचं तर बैठकीत हा विषयच कुणी काढला नाही.

ऑफसाइड

इन्व्हर्नेसचं लिहायचं राहिलंय, ते लिहितो, मग पाहिजे तर मला बाहेर काढा.

स्कॉटलंडच्या उत्तरेकडचं शहर. तीन क्लब: कॅलिडोनियन, थिसल आणि क्लॅकनाकुडिन. राष्ट्रीय लीगमध्ये १९९४ ला दोन जागा निघाल्या. शहर एक, तेव्हा एकच अर्ज टिकेल असा हिशेब. क्लॅकनाकुडिन म्हणाला आम्ही नाही येत. उरलेले दोघे जोडले आणि काय भांडणं झाली! सभासदांच्या बैठका उधळल्या, पिढ्यान्‌पिढ्यांचे पाठीराखे कायमचे गेले. काही जणांनी शेवटपर्यंत नव्या क्लबची मॅच पाहिली नाही. सुरुवातीला नाव नुसतं 'कॅलिडोनियन थिसल', दोन वर्षांनी शहराचं नाव पुढं लावलं कारण स्टेडियमला मदत करणाऱ्यांना ते हवं होतं. २०२४ मध्ये क्लब तिसऱ्या पायरीवर घसरला आणि दिवाळखोरीच्या प्रशासकाच्या ताब्यात गेला. आणि तो बाहेर राहिलेला क्लॅकनाकुडिन? हायलँड लीगमध्ये आजही निवांत खेळतोय.

खानापूर ते ब्रसेल्स

ऑफसाइड, तुम्ही मधली वीस वर्षं गिळलीत. फेब्रुवारी २००० मध्ये ह्याच जोडक्लबनं सेल्टिकला सेल्टिकच्याच मैदानावर ३-१ हरवलं आणि सेल्टिकचा प्रशिक्षक जॉन बार्न्सची नोकरी गेली. २०१५ ला स्कॉटिश कप जिंकला. वेगळे राहिले असते तर ह्यातलं एकही झालं नसतं. क्लॅकनाकुडिन निवांत आहे हे खरं, पण त्याची मॅच तुम्ही पाहिलीये का कधी?

ऑफसाइड

मी कॅलिडोनियनचीही पाहिली नाही. मुद्दा निवांतपणाचा आहे. क्लब काय फक्त कप जिंकायला असतो?

पेठेतला

होय.

जर्सी नंबर १४

पॅरिसचं कुणीच लिहिलं नाही. मग मी.

१९७० ला स्टेड सां-जर्मेन हा उपनगरातला जुना क्लब आणि पॅरिस एफसी हा नुकताच लोकवर्गणीतून काढलेला क्लब एकत्र आले. झाला पॅरिस सां-जर्मेन. दोन वर्षांत शहराच्या महापालिकेशी वाजलं. क्लब शहराबाहेरचा दिसतो, नाव बदला तर मदत. १९७२ ला फाटलं. पहिल्या डिव्हिजनमधली जागा आणि मुख्य खेळाडू पॅरिस एफसीकडे, आणि नाव घेऊन सां-जर्मेनवाले तिसऱ्या डिव्हिजनला. सगळ्यांना वाटलं नाववाले फसले. १९७४ ला बरोब्बर उलट झालं. पॅरिस एफसी खाली घसरला आणि पीएसजी वर आला. पुढचं माहीतच आहे, २०२५ ला मिलानच्या इंटरला ५-० घालून चॅम्पियन्स लीग. आणि मजा म्हणजे त्याच साली पॅरिस एफसी तब्बल १९७९ नंतर पहिल्यांदा पहिल्या डिव्हिजनमध्ये परतला. आता दोघांची मैदानं रस्त्याच्या दोन बाजूंना.

जुना रेफरी

फुटबॉलमध्ये शहाणपण सांगू नये, पण हे वाचताना एक दिसतं. रोमा सोडला तर जिथं वरून हुकूम झाला तिथं टिकलं नाही. रात्रपाळी, इटलीत साम्पदोरियाचं असंच काहीतरी होतं ना?

रात्रपाळी

साहेब, अगदी. जेनोआ शहरात साम्पियेरदारेनेसे आणि आंद्रेआ दोरिया असे दोन क्लब. १९२७ ला फॅसिस्टांनी जबरदस्तीनं जोडले. नाव ठेवलं 'ला दोमिनान्ते', म्हणजे सत्ता गाजवणारी. जर्सी हिरवी-काळी, दोघांपैकी कुणाचीच नाही. चार-पाच वर्षांत मोडलं, दोघं आपापल्या घरी. इंटरलाही १९२८ मध्ये असंच दुसऱ्या क्लबशी जोडून 'आम्ब्रोझियाना' केलं होतं, कारण 'इंटरनॅशनल' हा शब्दच त्यांना खुपत होता. युद्ध संपताच इंटरनं नाव परत घेतलं.

आणि तेच साम्पियेरदारेनेसे आणि दोरिया १९४६ ला पुन्हा बसले, ह्या वेळी आपणहून. अर्धं नाव एकाचं, अर्धं दुसऱ्याचं, साम्पदोरिया. जर्सी दोरियाची निळी आणि तिच्यावर साम्पियेरदारेनेसेचा लाल-काळा पट्टा, मध्ये शहराचा क्रॉस. जगातली सर्वांत देखणी जर्सी, ह्यावर वाद घालायचा असेल तर वेगळा धागा काढा. १९९१ ला व्हियाल्ली-मांचिनीच्या जोडीनं लीग मारली, पुढच्या वर्षी युरोपियन कपच्या फायनलला बार्सिलोनाकडून १-० हरले. माणसं तीच, शहर तेच, मधे फक्त एकोणीस वर्षं आणि कुणी विचारलं-न-विचारलं एवढाच फरक.

निपाणीकर

जोडत जायचं तर शेवट कुठं होतो तेही ऐका. लंडनच्या पूर्वेला इलफर्ड आणि लेटनस्टोन १९७९ ला जोडले. १९८८ ला त्यात वॉल्थमस्टो अॅव्हेन्यू मिसळला. पुढच्या वर्षी नाव झालं रेडब्रिज फॉरेस्ट. १९९२ ला रेडब्रिज फॉरेस्ट आणि डॅगनम जोडले आणि झाला डॅगनम अँड रेडब्रिज. चार क्लबांची भेळ. ह्यातल्या तिघांनी इंग्लंडचा हौशी क्लबांचा कप पूर्वी स्वतंत्रपणे जिंकलेला. आता ते कप कुणाच्या कपाटात हे विचारायला चार पिढ्यांचे सेक्रेटरी बोलवावे लागतील.

अनगोळचा लेफ्ट बॅक

कपाटावरच अडलंय. एका बाजूचे काका म्हणतात कप आमच्या गल्लीतून हलणार नाहीत. दुसरे म्हणतात मग आमची पोरंही हलणार नाहीत. आणि स्थापनेचं साल. जुन्या क्लबला ते सोडायचं नाही, नव्याला ते लावायचं नाही.

जर्सी नंबर १४

हॅम्बर्गकडे बघा. १९१९ ला तीन क्लब एक झाले, पण क्लब स्थापनेचं साल १८८७ सांगतो, तिघांतल्या सर्वांत जुन्याचं. चिन्हातले निळा-पांढरा-काळा रंग त्या जुन्याचे, आणि मैदानावर लाल-पांढरा पोशाख, शहराचा. म्हणजे छातीवर आजोबा, अंगावर गाव. कुणी तक्रार केली नाही.

खानापूर ते ब्रसेल्स

उलट कोपनहेगन. १९९२ मध्ये केबी आणि बी १९०३ एकत्र आले. केबी तर १८७६ चा, युरोपच्या मुख्य भूमीवरच्या सर्वांत जुन्यांपैकी एक. तरी नव्या क्लबनं साल १९९२ च लावलं, नवं नाव घेतलं आणि पहिल्याच मोसमात लीग जिंकली. जुने दोन्ही क्लब मात्र मोडले नाहीत. हौशी आणि ज्युनियर फुटबॉल त्यांच्याच नावानं चालू राहिलं. वरचा संघ फक्त एक.

जुना रेफरी

हे तुम्हाला लागू पडेल, लेफ्ट बॅक. आता साहेबी पद्धतीनं लिहितो, राग नसावा.

जुनी नोंदणी लगेच रद्द करू नका. एका नोंदणीवर सीनियर संघ खेळवा, दुसरी फी भरून जिवंत ठेवा, तिच्यावर सोळा वर्षांखालचे खेळवा. एक मोसम असा काढा. कप जिथं आहेत तिथं राहू द्या. कपांना पाय नसतात, पण काकांना असतात आणि ते रागानं उठून जातात. मैदानाची परवानगी शाळेच्या लेटरहेडवर घ्या, कुणा एका सदस्याच्या नावानं नको, संघाच्या नावानं. हेडमास्तर बदलले की तोंडी शब्द त्यांच्याबरोबर निवृत्त होतो, हे मी एकाहून जास्त मैदानांवर पाहिलंय. बँकेचं खातं दोन्हीकडच्या एकेका सहीनं चालवा. आणि कुणाचं देणं असेल, मांडववाल्याचं, जर्सीवाल्याचं, तर ते एकत्र यायच्या आधी ज्याचं त्यानं फेडावं. भांडण नावावरून सुरू होतं, मोडतं मात्र उधारीवरून.

ऑफसाइड

हे पटलं. कारण हे एकत्रीकरणच नाही.

जुना रेफरी

असू दे नसलं तर.

वडगाव माग

आमच्याकडं दोन गणपती मंडळं अशीच एक झाली होती 'एक गाव एक गणपती' म्हणून. पहिल्या वर्षी मूर्ती एक, आरत्या दोन, प्रसाद दोन. तिसऱ्या वर्षी आरती एक झाली. प्रसाद अजून दोनच आहेत आणि त्यात कुणाला वाईट वाटत नाही, उलट पोरं दोन्हीकडं खातात.

अनगोळचा लेफ्ट बॅक

काल परत बसलो. थोडक्यात सांगतो. सीनियर संघ एक, जुन्या क्लबच्या नोंदणीवर. दुसरी नोंदणी ठेवायची, तिच्यावर ज्युनियर. जर्सी पोरांच्या क्लबची, चिन्ह जुन्या क्लबचं. साम्पदोरियाचा फोटो दाखवला तेव्हा एक काका म्हणाले, 'पट्टा चांगला आहे, आमच्यावर एवढा बारीक नको.' नावावर अजून एकमत नाही, लीगच्या नोंदणीची तारीख येईपर्यंत जुनंच नाव चालवायचं ठरलं. उधारीचं साहेबांनी लिहिलं तसं विचारलं, तर दोन मिनिटं शांतता. मग दोन्हीकडून वह्या निघाल्या. जर्सीवाला एकच निघाला, दोघांनीही त्याचंच बुडवलेलं.

कॅम्पातला कीपर

म्हणजे ह्या एकत्रीकरणाचा सगळ्यात जास्त आनंद जर्सीवाल्याला.

पेठेतला

बरं जमवलंत, पण मॅच आमच्याशी लावा एकदा. ईर्षा शिकवतो.

अनगोळचा लेफ्ट बॅक

या की. येताना पब्लिक तुमचंच आणा, आमच्याकडे कमी आहे.

पोरीची आई, मुलींचा विषय ह्या वेळी मीच काढला. चार-पाच मुली जमल्या तरी सराव सुरू करू म्हणालेत, ज्युनियरचा कोचच बघेल. रविवारी सकाळी सहाला मैदानावर पाठवा. स्टड नसले तरी चालतील, पाणी घरून आणायचं.

पोरीची आई

आणते. सहा म्हणजे घड्याळातले सहा की बेळगावचे सहा?

अनगोळचा लेफ्ट बॅक

घड्याळातले. रेफरी साहेब येणार आहेत.